सलग रेघ

तळहातावर मावणारं ते घर हलकं होतं, कसल्यातरी मऊ लाकडाचं, छपराच्या टोकाला भोक पाडून त्यात किल्ल्यांची कडी ओवलेली – तिकिटाबरोबर ज्येष्ठांना एकेक भेट, तिकीटखिडकीतल्या बाईने काचेखालून सरकवताना सांगितलं होतं – आणि हातात आल्या आल्या त्याने ते उलटं केलं, पाठीमागून बघायला. पुढे दार कोरलेलं होतं, दाराच्या दोन बाजूंना दोन खांब, एक पायरी, बाजूच्या भिंतींत टाचणीच्या डोक्याएवढी एकेक खिडकीसुद्धा... आणि मागे काही नाही. कारागिराने कानस दोनदा फिरवून मोकळी केलेली भिंत. अंगठा तिच्यावरून सरकत गेला आणि कुठे अडला नाही.

"अहो, किल्ल्या घरी राहिल्या, आणि तुम्ही घर कसलं बघताय," बायको म्हणाली. "चला, आपली माणसं पुढे गेली."

त्याने ते खिशात टाकलं. दहा पावलांवर पुन्हा बाहेर काढलं. सहलीचा आठवा दिवस होता, बसमध्ये एकतीस माणसं, आणि सहलीचं पत्रक घरी आलं तेव्हापासून, म्हणजे दोन महिने, त्याची झोप उडालेली होती. पत्रकात आठव्या दिवसाखाली एक ओळ होती – आदिवासी सांस्कृतिक ग्राम, दोन तास. ती ओळ वाचल्यावर त्याने गुडघ्याचं निमित्त काढलं, मग उन्हाचं, मग पाहिलेल्या गावात काय पुन्हा बघायचं असं अर्धवट पुटपुटला. पण बायकोने गुडघ्यासाठी पट्टा आणला, उन्हासाठी टोपी आणली, आणि पुटपुटण्याकडे बेचाळीस वर्षांच्या सवयीने कानाडोळा केला. तिला एवढंच माहीत होतं की लग्नाच्या आदल्या वर्षी हा या बाजूला कुठल्याशा धरणाच्या मोजणीला आला होता. ते गाव बुडालं. बुडालेलं गाव पुन्हा डोंगरावर, लोकांना बघायला म्हणून बांधलं गेलं, हे तिला पत्रकातून कळलं. ते कुणाच्या कागदावरून बांधलं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण, तो सोडून?

तो आरेखक. धरणखात्याच्या कचेरीत छत्तीस वर्षं दुसऱ्यांनी मोजलेलं आणि क्वचित स्वतः मोजलेलं कागदावर उतरवण्यात गेली. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी कुठल्याही खोलीत शिरलं की आधी लांबी-रुंदी डोक्यात उमटते, मग तिथली माणसं दिसतात. मुलीच्या सासरी पहिल्यांदा गेला तेव्हा त्यांच्या दिवाणखान्याचा एक कोपरा काटकोनात नाही हे त्याने चहा येण्यापूर्वी सांगितलं होतं, आणि मुलगी अजून ते काढते.

रस्ता मुरमाचा होता. दोन्ही बाजूंना मिळून नऊ घरं, आणि नऊही एकाच घराच्या नकला. त्याने दम खाण्याच्या मिषाने पहिल्या घराच्या चौकटीला हात लावला, वीत टाकली – त्याची वीत पक्की नऊ इंचांची, कचेरीत पट्टी सापडली नाही की लोक त्याचा हात मागायचे – सहा विती, सात विती वजा अर्धं बोट... पाच फूट अडीच इंच. मोजायची गरजच नव्हती. पायरी सात इंच. खांब बुडाशी पाच बाय पाच, माथ्याला निमुळता होत साडेचार. छपराचा उतार, पागोळीचं अंतर, ओट्याची रुंदी, सगळं कसं जिथल्या तिथे. आणि खोटं कशाला बोलू, त्याने मनाशी म्हटलं, मला आनंद झाला. कुणीतरी माझे आकडे इतक्या इमानाने वाचले होते. कचेरीत छत्तीस वर्षांत ते कुणी वाचले नव्हते. तिथे दोन-चार इंच इकडे तिकडे करणं हा गवंड्याचा जन्मसिद्ध हक्क होता. इथे कुणी अर्धा इंचसुद्धा सोडला नव्हता. त्याला एकदम भीती वाटली, कारण जे लोक अर्धा इंच सोडत नाहीत ते मागची भिंतही सोडणार नाहीत.

माहिती सांगणारी मुलगी त्याच गावच्या माणसांतली, एकवीस-बावीसची. खांद्यावरून घेतलेलं जाड विणीचं वस्त्र, कमरेला वॉकीटॉकी, पायात धावायचे बूट. चांगली सांगत होती. पाठ केलेलं म्हणून नाही, आवडीने, मधे मधे थांबून कुणाला ऐकू येतंय का ते बघत. चूल कशी होती, धान्य कुठे ठेवायचे, पुरुष कुठे बसायचे. तिने सगळ्यांना घराला वळसा घालून मागे नेलं आणि मागच्या भिंतीसमोर उभं केलं. मातीने लिंपलेली, पांढुरक्या रंगाची, चोवीस फूट लांब, सबंध कोरी भिंत. बरोबरची माणसं आता काय म्हणून तिच्याकडे बघू लागली, आणि तिने नेमका तेवढाच वेळ जाऊ दिला.

नदी आमच्या घरातली थोरली, ती म्हणाली. थोरल्या माणसाकडे आपण टक लावून बघतो का? नाही ना. म्हणून नदीच्या अंगाच्या भिंतीत आमच्या पूर्वजांनी कधी खिडकी ठेवली नाही. नदीला भेटायचं तर उठायचं, दारातून बाहेर यायचं, वळसा घालून तिच्यापाशी जायचं. घरात बसल्या बसल्या तिला बघायचं नाही. हेच शेजारच्या फलकावर तीन भाषांत लिहिलेलं होतं.

"किती सुंदर विचार," बायको म्हणाली, आणि तिने चष्मा काढून पदराने पुसला. तिला खरंच भरून आलं होतं. एका गृहस्थाने विचारलं, की आता नव्या वस्तीत कुठली नदी, तिथे हे पाळतात का? मुलगी हसली. पाळतात, म्हणाली. मधली बरीच वर्षं लोक विसरले होते, मिळेल तशी घरं बांधायचे. हे ग्राम उभं राहिलं, मोजणीचा जुना नकाशा सगळ्यांनी पाहिला, तेव्हापासून पुन्हा सुरू झालं. आता नव्या वस्तीत घर बांधलं की जिकडे नदी होती तिकडची भिंत बंद ठेवतात. तिच्या भावाने गेल्या वर्षी बांधलं. स्वयंपाकघर नेमकं त्या अंगाला आलं, भर दुपारी दिवा लावून भाकऱ्या थापाव्या लागतात, वहिनी कुरकुर करते, पण आहे ते आहे.

सगळे कौतुकाने हसले. तो हसला नाही. त्याला ती वहिनी दिसली – कधी न पाहिलेली, दुपारी बारा वाजता बटण दाबणारी – आणि पाय कुठे ठेवावा ते त्याला कळेना.

कारण त्या भिंतीत नदी नव्हती, थोरलेपण नव्हतं, काही नव्हतं. सव्वातीन वाजले होते एवढंच.

अकरा दिवसांत एकेचाळीस घरं. चाळिसांची नुसती लांबी-रुंदी घ्यायची होती, बाहेरून, पुढच्या आणि एका बाजूच्या भिंतीला टेप लावून, नुकसानभरपाईसाठी. आणि एक घर नमुना म्हणून सबंध काढायचं होतं, आतून बाहेरून, खिळ्यापर्यंत. ते घर क्रमांक सतरा. शेवटच्या दिवसावर ठेवलं होतं, कारण साहेबांचं म्हणणं, हात बसल्यावर चांगलं उतरेल. तो चोवीस वर्षांचा होता आणि अजून कायम झालेला नव्हता. पुढची खोली त्याने जीव ओतून मोजली. मागची खोली मोजायला निघाला तर घरची म्हातारी आडवी आली – आत बाळंतीण आहे, कालच मोकळी झालीय, आत जायचं नाही. बरोबरच होतं तिचं. बाहेरून लांबी घेऊन आतली वजा केली की मागची खोली निघते, त्यात अवघड काही नाही. मग मागची भिंत बाहेरून बघायला तो घराच्या कोपऱ्यापर्यंत गेला. तिथून नदीकडे सरळ घसरण होती, चिखल, आणि एक पिवळा कुत्रा बांधलेला, दोरी किती लांब आहे त्याचा अंदाज येईना. कुत्रा नुसता उठून उभा राहिला होता, भुंकलासुद्धा नव्हता... साहेब ओट्यावर घड्याळ बघत होते, त्यांना चारच्या आत निघायचं होतं. तो कोपऱ्यावर किती वेळ उभा राहिला असेल? मिनिटभर. मग मागे फिरला.

तरी त्याने कागदावर लबाडी केली नव्हती, निदान आधी तरी नाही. जे प्रत्यक्ष पाहिलं नाही ते तुटक रेघेने काढायचं आणि बाजूला तसं लिहायचं, हे आरेखकाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. कचेरीत परतल्यावर त्याने मागची भिंत पेन्सिलीने तुटक काढली होती. शनिवारी शाई भरायला बसला तेव्हा साहेब मागे येऊन उभे राहिले. कागद वर जाणार होता, मोठ्या कचेरीत. एवढ्या देखण्या कामात ही ठिगळं कशाला, म्हणाले. आणि मग सहज, चष्मा कपाळावर सरकवत – "त्या भिंतीत असून असून काय असणार? भिंतच असणार ना."

त्याने रेघ सलग केली. चोवीस फूट, पाऊण इंचाला एक फूट या प्रमाणात, एका दमात. रेघ सुरेख आली होती. तिसऱ्या महिन्यात तो कायम झाला, कायम झाला म्हणून लग्न ठरलं, आणि पुढचं सगळं... घर, मुलगी, गुडघे. या सगळ्यात ती रेघ कधी आठवली नाही असंही नाही. नऊ वर्षांपूर्वी वर्तमानपत्रात या ग्रामाच्या उद्घाटनाचा फोटो आला होता तेव्हा तो पान उघडं धरून बराच वेळ बसला होता, आणि बायकोने विचारल्यावर राशिभविष्य वाचतोय म्हणाला होता. आयुष्यात कधी न वाचलेलं राशिभविष्य.

तेव्हा पत्र लिहिता आलं असतं. चार ओळींचं. लिहिलं असतं तर ती वहिनी...

शेवटची खोली संग्रहालयाची होती. मासे पकडायचे पिंजरे, टोपल्या, काचेखाली मण्यांच्या माळा, आणि समोरच्या भिंतीवर, स्वतंत्र दिव्याखाली, चौकटीत घातलेला तो कागद. कागद पिवळा पडला होता, शाई मात्र होती तशी. तो मुद्दाम माशांच्या पिंजऱ्यांपाशी रेंगाळला. बायको कागदासमोर गेली, वाकली, आणि तशीच वाकलेली राहिली.

"अहो," ती म्हणाली. वळून नव्हे, कागदाकडे बघतच. "हा तुमचा सात आहे."

त्याच्या सातच्या अंकाला पोटात एक आडवी रेघ असते. किराण्याच्या यादीत, बसच्या नंबरात, मुलीच्या जन्मतारखेत, बेचाळीस वर्षं तिने तो सात पाहिलेला. कोपऱ्यातल्या चौकोनात त्याची आद्याक्षरंही होती, पण तिने ओळखलं ते सातावरून. ती वळली तेव्हा तिचा चेहरा असा उजळला होता की त्याला तिकडे बघवेना. "सबंध गाव तुमच्या हातचं, आणि एका शब्दाने बोलला नाहीत. असा कसा माणूस," असं ती त्याला म्हणाली नाही, खोलीतल्या सगळ्यांना म्हणाली. दोघातिघांनी त्याच्याशी हात मिळवला. सहलीतल्या एका डॉक्टरने त्याला कागदाशेजारी उभं करून फोटो काढला. फोटोत तो कसा आला असेल ते त्याला ठाऊक होतं.

माहिती सांगणारी मुलगी मात्र हात मिळवायला आली नाही. गर्दी ओसरेपर्यंत ती दाराशी थांबली आणि मग खालच्या आवाजात म्हणाली, "काका, दहा मिनिटं द्याल? माझ्या आजीला भेटायचंय तुम्हाला. म्हणजे, मलाच भेटवायचंय."

चालता चालता तिने सांगितलं ते असं. आजी त्याच घरात जन्मलेली, सतरा नंबरच्या. सहा वर्षांची असताना आई गेली, तेव्हा तिला मावशीकडे धाडलं. पुन्हा त्या घरात ती राहिली नाही. घर काकाकडे गेलं, मग मोजणी झाली, मग पाणी आलं. काकाकडची माणसं पाणी आल्यावर कुठे पांगली ते कळलं नाही, त्या घरात राहिलेलं दुसरं कुणी आता इथे नाही. आणि आजी म्हणते, मागच्या भिंतीला खिडकी होती. आधी सगळे हसून सोडून द्यायचे. पण आजी इथे चटया विणायला बसते, लोकांसमोर, आणि एकदा तिने पाहुण्यांना सांगितलं की ही पोरगी सांगते ते खरं नाही. तेव्हा मुलीने नकाशाचा फोटो मोबाइलवर मोठा करून तिला दाखवला – बघ, मोजून काढलंय, कुठेय खिडकी? त्या दिवसापासून आजी घराविषयी बोलतच नाही. या नकलांच्या आत पाऊलही टाकत नाही. बाहेर छपरीखाली बसते. वडील तिला पुढच्या आठवड्यात विसरण्याच्या डॉक्टरकडे नेणार आहेत.

"माझंच चुकलं, तसं दाखवायला नको होतं," मुलगी म्हणाली. "पण तुम्ही स्वतः मोजलंय. तुम्ही नीट समजावून सांगितलंत तर तिला लागणार नाही. परक्या माणसाचं ऐकतं माणूस."

"सांगतील की," बायको म्हणाली. "यांचा आकडा कधी चुकत नाही."

आता काही निमित्त काढावं – गुडघा, बस, औषधाची वेळ. निमित्तं जिभेवर रांगेने उभी होती. पळून जावं असं वाटत होतं आणि पाय मुलीच्या मागे चालले होते. काय सांगायचं? नव्हती म्हणून सांगितलं तर म्हातारी डॉक्टरकडे जाते. होती म्हणून सांगितलं तर ती सुखावते, आणि ही पोरगी रोज, येईल त्या मंडळीला, आपल्या माणसांविषयी जे अभिमानाने सांगते आहे... आणि होती म्हणणारा मी कोण? मी कुठे पाहिलीय?

आजी छपरीखाली चटई विणत होती. बारीक चणीची, साठी ओलांडलेली, म्हणजे त्याच्याहून चार-पाच वर्षांनी लहानच, पण तिच्या हातांकडे बघून ते पटत नव्हतं. ओल्या लव्हाळ्याच्या कांड्या मांडीवर, एक वर एक खाली, हात थांबत नव्हते. मुलीने ओळख करून दिली. आजीने आधी त्याच्या बुटांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"मोजणीवाले," ती म्हणाली. "मी तेव्हा लग्न होऊन गेलेली. बसा."

तो लाकडी ओंडक्यावर बसला. बायको बाजूला बसली. मुलगी उभीच राहिली. आजीनेच सुरुवात केली, चटईकडे बघत. नात कशाला घेऊन आली ते मला कळतं, म्हणाली. नात गुणाची आहे. पोरं म्हणतात तेच खरं असेल, मी सहा वर्षांची होते, सहा वर्षांच्या पोरीला काय कळतं. कागद खोटा कशाला बोलेल? मी भांडत नाही आता. एवढं बोलून तिने एक कांडी दाताने तोडली, आणि हात पहिल्यांदा थांबले.

"फक्त एक सांगा. मला माझी आई एकाच जागी आठवते. मी खाली नदीवर आहे, पाण्यात पाय सोडून. ती वर खिडकीत आहे, मला हाक मारतेय. तेवढंच आहे माझ्याकडे. तिचा आवाज आठवत नाही, अंगावर काय होतं ते आठवत नाही. खिडकी नव्हती म्हणतात, तर मग ती उभी कुठे होती?"

तिच्या आवाजात रडं नव्हतं. पत्ता विचारावा तसं तिने विचारलं होतं.

त्याच्या घशाशी 'होती' आलं. अगदी ओठापर्यंत. म्हण, मन म्हणत होतं, म्हण आणि मोकळा हो, कुणाचं काय जातंय, बुडालेल्या घराला एक खिडकी जास्त. आणि त्याच क्षणी त्याला स्वतःचा हात दिसला, चोवीस वर्षांचा, एका दमात रेघ ओढणारा. तेव्हाही कुणाचं काही जात नव्हतं.

"मी मागे गेलोच नव्हतो," तो म्हणाला.

मुलीने विचारलं, म्हणजे?

"म्हणजे ती भिंत मी पाहिलेली नाही. आतून नाही, बाहेरून नाही. आत बाळंतीण होती, मागे कुत्रा बांधलेला होता, उशीर होत होता. मी अंदाजाने काढली. ती तुटक रेघेने काढायला हवी होती. मी सलग काढली."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. संग्रहालयात उजळलेला चेहरा अजून पुरता मावळला नव्हता, आणि तो तसा मावळताना बघणं हे त्याला सगळ्यात जड गेलं. तिने नुसतं 'अहो' म्हटलं. मुलीच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला, दुसरी मंडळी दाराशी आली असावीत. तिने बटण दाबून आवाज बंद केला. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. थोरली नदी, टक लावून बघायचं नाही – हे कुणी लिहिलं, तिने विचारलं, त्याला नव्हे, आजीलाही नव्हे. मग स्वतःच म्हणाली की कार्यालयातल्या सरांनी विचारलं होतं, ही भिंत बंद का असेल, म्हाताऱ्या माणसांना विचारून या. आणि दोघातिघांनी विचार करून असंच असेल म्हणून सांगितलं. मलाही खरंच वाटलं, ती म्हणाली. अजूनही वाटतंय, काय करू?

माझी चूक आहे, तुझी नाही, असं त्याने म्हटलं. ते पुरेसं नव्हतं हे म्हणतानाच कळत होतं. फलक काढता येईल. वहिनीची भिंत फोडता येईल. पण या मुलीला उद्या सकाळी त्या कोऱ्या भिंतीसमोर वीस माणसं उभी करून काय सांगायचं ते तो देऊ शकत नव्हता.

आजी आनंदेल असं त्याला वाटलं होतं. निदान, बघ, मी म्हणत नव्हते, असं नातीकडे बघून म्हणेल. ती तसं काही म्हणाली नाही. चटई बाजूला सारून तिने हात पुसले आणि त्याच्याकडे सरकून बसली.

"मग होती?"

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

"बरं केलंत," ती म्हणाली. "माझ्या मनासारखं सांगू नका. माझ्या मनासारखं मी स्वतःला रोज सांगते." मग तिने विचारलं, "पुढच्या खोलीत तरी होता ना तुम्ही? मधल्या दारापाशी?"

होता. मधलं दार त्याने मोजलं होतं. दोन फूट आठ इंच रुंद. दार म्हणजे फळ्यांचं नव्हे, एक जाड पडदा टाकलेला. पडद्याच्या या बाजूला तो, हातात टेपचं टोक. त्या बाजूला बाळंतीण, तिचं एक दिवसाचं मूल, आणि ती भिंत. त्याने हे आजीला सांगितलं.

"दुपार होती?"

"सव्वातीन."

"मग आठवा," आजी म्हणाली. "सव्वातीनला नदीवरचं ऊन आत यायचं. पाण्यावरून यायचं म्हणून ते स्थिर नसायचं, पडद्यावर हलायचं. मी निजून ते बघायची. खिडकी असली तर ते असणार. काकाने ती बुजवली असेल तर नसणार. तुम्ही तिथे उभे होता. पडदा कसा होता?"

मुलगी खाली बसली, आजीच्या पायाशी. बायकोने आपला हात त्याच्या हातावर ठेवला नाही, पण उठूनही गेली नाही. त्याने डोळे मिटले. आकडे पहिल्यांदा आले, नेहमीसारखे, दोन फूट आठ, पाच फूट अडीच, आणि त्याने ते आल्या वाटेने जाऊ दिले. मग जमीन आली, सारवलेली, पायाला गार. टेपची धातूची पट्टी. मुलाचं रडणं नव्हे, कण्हणं, इवलंसं. दुधाचा, धुराचा वास – हा वास इतक्या वर्षांत कुठे होता? त्रेचाळीस वर्षं तो या जागेकडे आला की कोपऱ्यावर जाऊन कुत्र्यापाशी थांबायचा आणि तिथूनच परत फिरायचा. या दाराशी तो कधी उभाच राहिला नव्हता. पडदा गडद होता. तांबूस असावा. खालची कड जमिनीपासून चार बोटं वर, आणि त्या चार बोटांत... काहीतरी उजेड होता. होता का? की समोर बसलेल्या या बाईने आता सांगितला म्हणून तो तिथे येतो आहे? त्याने तो उजेड पुसून पाहिला. पुसला गेला. पुन्हा जरा थांबला तर पुन्हा आला, आणि थरथरत होता. पण आत बाई कूस बदलत असेल तरी पडदा हलतो, वाऱ्यानेही हलतो, आणि माणूस डोळे घट्ट मिटून राहिला तर काळोखही हलतो. घाई करायची नाही, त्याने स्वतःला बजावलं. काढायचं नाही. नुसतं बघायचं.

"काका?" मुलगी म्हणाली.

"थांब," तो म्हणाला. "बघतोय मी."